एका चौकटीत एकच नाव

१

शेवंतानं एकदा मनावर घेतलं की घेतलं. मग नवरा आडवा येवो की पोस्टमास्तर, ती ऐकायची नाही. म्हणून बासष्ट सालच्या उन्हाळ्यात, पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर कामाला असलेल्या देवरावची बायको विलायतेत आपल्या आजोबाचं घर शोधून राहिली आहे अशी बातमी रुआबांध्याच्या बाजूच्या क्वार्टरांत फुटली, तेव्हा शेजारणी हसल्या खऱ्या, पण 'हिच्यानं काय होते' असं कोणीच म्हटलं नाही.

आजोबा साहेब होता हे काही खोटं नव्हतं. आर्ची इनिस त्याचं नाव. नागपूरहून पूर्वेकडे रेल्वेची लाईन पडत होती तेव्हा स्कॉटलंडातून आलेला फिटर. डोंगरगडजवळ लाईनीवर माती टाकायला आलेल्या तुळसाशी त्यानं संसार मांडला. पोरगी झाली, तिला त्यानं आपल्या आईचं नाव दिलं, एल्स्पेथ. घरात एल्सी म्हणत. एल्सी सात वर्षांची होती तेव्हा तो पटकीनं गेला. तुळसा लेकीला घेऊन भंडाऱ्याकडच्या आपल्या गावी परतली, आणि बाराव्या वर्षी लेक एका कास्तकाराच्या घरात देऊन मोकळी झाली.

सासरच्यांनी रीतीप्रमाणं मांडवातच नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले. नवरदेवाला अक्षर येत नव्हतं, तर शाळेच्या मास्तरानं त्याचं बोट धरून अंगठीनं 'गया' असं काढून घेतलं. त्या दिवसापासून ती गयाबाई. तीच शेवंताची माय. आता सत्तरी उलटलेली, घाऱ्या डोळ्यांची, वाळून चिपाड झालेली, लेकीजवळ क्वार्टरात राहायला आलेली.

गावानं तिला जन्मभर 'साहेबाची' म्हणून टोचलं. सासूनं तर 'हिच्या बापाचा काय पत्ता' म्हणून उभा जन्म छळलं. गयाबाई कधी उलटून बोलली नाही. पण या होळीच्या सुमारास मोठ्या दुखण्यातून उठली आणि लेकीचा हात धरून म्हणाली, "शेवंते, माह्या बापाच्या नावाखाली माहं नाव लिवलेलं मले एकडाव पाह्याचं हाये वं. मंग मी सुखानं जाईन."

बस्स. शेवंतानं मनावर घेतलं.

२

बापाच्या गावाचं नाव मायच्या तोंडपाठ होतं. किलब्रेकी. तेवढ्या एका शब्दावर शेवंता देवीदासभाऊंच्या दारात जाऊन उभी राहिली. देवीदासभाऊ मूळचे तुमसरचे, पन्नाशीचे, प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात नकाशे काढणारे. इंग्रजी त्यांना चांगली. त्यांनी त्या गावच्या चर्चच्या नावानं एक निळं हवाईपत्र लिहून दिलं, आणि तेही तिनं तीनदा आग्रह केल्यावर.

दोन महिन्यांनी उत्तर आलं, तेव्हा देवीदासभाऊंचाच विश्वास बसेना. लिहिणारी मार्गारेट इनिस, आर्चीच्या भावाची नात, रिटायर झालेली मास्तरीण. घराण्याचं एक पुस्तक ती छापणार होती, चारशे वर्षांची नावं त्यात होती. आर्चीच्या नावाखालची जागा आजवर कोरी होती. 'सगळी नावं कळवा,' तिनं लिहिलं होतं. 'मी तुम्हा सगळ्यांना त्यात घेते.'

शेवंताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही.

देवीदासभाऊंनाही मग चेव चढला. "वंशावळ होय? मंग नीटच काढू, वहिनी. आपल्या ऑफिसात काढतात तशी." त्यांनी ट्रेसिंग पेपर अंथरला, पेनात काळी शाई भरली आणि एकेक चौकट आखायला घेतली. आर्चीची चौकट झाली, तुळसाची झाली. मग त्याखाली पेन थांबलं.

"इथं काय लिहू? एल्स्पेथ की गया?"

"दोन्ही लिवा, भाऊ. एल्सी बी तेच, गया बी तेच."

"दोन नावं एका चौकटीत बसत नाहीत. आमचा नियम आहे, एका चौकटीत एकच नाव. नाहीतं वर्कशॉपवाले भलताच पार्ट बनवून मोकळे."

म्हणून त्यांनी शेजारीशेजारी दोन चौकटी काढल्या. एकीत एल्स्पेथ, दुसरीत गया, मध्ये बारीक ठिपक्यांची रेघ. ड्रॉइंग ऑफिसात त्या रेघेचा अर्थ 'वस्तू एकच' असा. गयाच्या चौकटीखाली शेवंताची चौकट, तिच्या बाजूला देवरावची. छापील वाटावं इतकं सुरेख काम झालं. ठिपक्यांच्या रेघेचा अर्थ स्कॉटलंडात कोणाला कळणार, हे मात्र त्या दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

३

'आर्चीला दोन मुली होत्या, हे वाचून मला रडू आलं,' मार्गारेटनं उलट टपाली लिहिलं. 'एल्स्पेथ आणि गया. दोघींची नावं आजच पुस्तकात चढवली.'

देवीदासभाऊंनी कपाळावर हात मारला. शेवंताला आधी हसू आलं. "अवं बाप्पा! मायले बहीण भेटली म्हना या वयात!" पण लगेच ती गंभीर झाली. "चूक ते चूक, भाऊ. उद्याच्या उद्या बसून लिवा."

उद्याचा परवा झाला, परवाचे तीन आठवडे झाले. प्लांटमध्ये नवीन भट्टीचं काम निघालं, देवीदासभाऊ ओव्हरटाइममध्ये अडकले. तेवढ्यात पोस्टमन हिरालाल दुपारी दारात आला आणि पाकीट हातात फिरवत म्हणाला, "बाई, ये मिस एल्स्पेथ इनिस कौन है आपके घर में?"

"माही माय," शेवंता म्हणाली आणि पत्र घेतलं. घेतानाच तिला वाटलं, आपल्या मायला कोणी पत्र लिहायचं कारण नाही.

संध्याकाळी देवीदासभाऊंनी वाचायला घेतलं. 'प्रिय एल्स्पेथ, तुझं पत्र मिळालं. तुझं अक्षर लहान मुलीसारखं आहे, मला ते फार गोड वाटलं. आर्ची घरी आला की दाराच्या चौकटीवर चिलीम तीनदा आपटायचा, तुला खांद्यावर बसवून इंजिन दाखवायला न्यायचा, हे तू किती छान लिहिलंस. तुझ्या बहिणीच्या लेकीची पत्रं नेमकी असतात, पण तुझ्या पत्रात आर्ची आहे. लिहीत राहा.'

देवीदासभाऊ थांबले. शेवंता त्यांच्याकडे पाहत होती.

"भाऊ, तुमीच लिवलं ना? माहं मन राखाले?"

"गळ्याशपथ नाही, वहिनी. चिलमीचं तं मले आजच कळून राहिलं."

ते खरं होतं. चिलमीची गोष्ट मायनं फक्त शेवंताला सांगितली होती, तीही लहानपणी, जात्यावर बसून. आणि माय तर अंगठा लावणारी. शेवंतानं सगळ्या बाजूंनी विचार करून पाहिला. देवरावला इंग्रजीचा गंध नाही. शेजारपाजारच्यांना ठाऊक नाही. मार्गारेटनंच कुठून तरी ऐकलं असेल, आर्चीनं कधी घरी लिहिलं असेल आणि म्हातारपणी तिचा घोटाळा होत असेल. हे तिला पटलं, म्हणजे तिनं पटवून घेतलं. पण घरी जाताना ती नेहमीपेक्षा भरभर चालत होती.

४

माय खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. शेवंता तिच्या पायाशी बसली.

"माय, तुहा बाप घरी आला का दारावर काय वाजवे वं?"

गयाबाईनं हात थांबवला. बराच वेळ आठवून पाहिलं. "कोनाचा बाप?"

"तुहा. आर्चीसाहेब."

"मले नाही बाप्पा याद." तिनं एक खडा काढून बाजूला टाकला. "तिले इचार ना. तिले सारं याद हाये."

"कोनाले?"

मायनं हनुवटीनं आतली खोली दाखवली. "थे पोरगी. दुपारची येते. लिवत बसते बिचारी."

देवराव म्हणाला, वय झालं. हॉस्पिटलच्या डॉक्टरनंही तेच सांगितलं आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. शेवंताही स्वतःला दिवसभर तेच सांगत राहिली. पण कानांना कोण समजावणार? माय तांदूळ निवडताना एक बिनशब्दांचं गाणं गुणगुणायची, बापाकडून आलेलं. शेवंता त्यावरच लहानाची मोठी झाली होती. अलीकडे मायनं ते सोडलं होतं. आणि दोनचा भोंगा होऊन गेला, शिफ्टची गर्दी सरली, गल्ली शांत झाली की तेच गाणं आतल्या खोलीतून यायचं. आवाज कोवळा, नितळ, न थांबता.

शेवंता स्टोव्ह बारीक करून आत जायची. आत ट्रंक, घडी घातलेली गादी, कोपऱ्यात तिच्या लग्नातला पाट. फक्त पाट कोपऱ्यात नसायचा. तो खोलीच्या मधोमध आलेला असायचा, खिडकीच्या उजेडात. ती तो उचलून भिंतीला लावायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा मधोमध. पुढच्या पत्रांसाठी आणलेली कोरी निळी हवाईपत्रं तिनं बिस्किटाच्या डब्यात ठेवली होती, ती कमी झाली होती. डब्याशेजारची दौत अर्धी झाली होती.

चार दिवसांत मायला तुळसा आठवेना. डोंगरगड आठवेना. बाराव्या वर्षाच्या आधीचं सगळं धुऊन निघालं होतं, नंतरचं मात्र शाबूत. सासूच्या शिव्यादेखील जशाच्या तशा. ते पाहून शेवंताचा जीव तीळ तीळ तुटला. जे सुख होतं ते जात होतं आणि जे दुःख होतं ते मायजवळ उरत होतं.

पाचव्या दिवशी ती ड्रॉइंग ऑफिसच्या गेटवर जाऊन उभी राहिली आणि देवीदासभाऊंना बोलावून घेतलं.

५

"एक चौकट खोडा," ती म्हणाली. "आत्ता. माह्यासमोर."

देवीदासभाऊ तिला घेऊन झाडाखालच्या बाकावर बसले. त्यांनी वंशावळीची प्रत काढली, खिशातून लाल पेन्सिल काढली. "कोणती?"

आणि इथं शेवंता अडली. बापानं दिलेलं नाव एल्सी. ज्या नावानं माय बापाच्या खांद्यावर बसली ते नाव एल्सी. पण चुलीजवळ बसून जिनं शेवंताला भरवलं, सासूचा मार खाऊनही शेवंताला शाळेत धाडलं, ती गया. दोघींतली एक निवड असं लेकीला म्हणणं हेच मुळात पाप, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचा संताप आला.

"एल्सीची खोडा. गयाच्या चौकटीतच खाली लिवा, जन्माचं नाव एल्स्पेथ."

"नियमात बसत नाही, वहिनी."

"चुलीत गेला तुमचा नियम! त्या नियमानंच घात केला माह्या मायचा."

देवीदासभाऊंनी तसं लिहिलं. एल्स्पेथच्या चौकटीवर लाल फुली मारली, सोबत पत्र जोडलं: या दोघी नाहीत, ही एकच बाई आहे, आमच्याकडे लग्नात नाव बदलतात. शेवंतानं पत्र स्वतः पोस्टात नेलं, रजिस्टर केलं, पावती पदरात बांधली आणि घराकडे निघाली. पाऊल हलकं पडत होतं. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती.

दार लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत माय खाटेवर झोपली होती, तोंड भिंतीकडे. गाणं नव्हतं. त्याऐवजी एक कुरकुर ऐकू येत होती, कागदावर टाक ओढल्याची. शेवंता चप्पल न काढताच आतल्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली.

पाट मधोमध होता. त्याच्यापुढं कोणीतरी पाठमोरं बसलं होतं. आखूड परकर, पिंगट वेणी, भेगा नसलेली कोवळी टाच. उजवा हात कागदावर हलत होता. अक्षरं काढताना हात हलतो तसा नव्हे. हात एकदा डावीकडून उजवीकडे गेला, लांब, सरळ, आणि मग उजवीकडून डावीकडे परत आला.

शेवंतानं एक पाऊल मागं घेतलं. पण ती पळाली नाही. 'कोण आहे' असंही तिनं विचारलं नाही, कारण कोण आहे ते तिला ठाऊक होतं.

"एल्सी," ती म्हणाली.

समोरचा हात थांबला. आणि मागून, खाटेवरून, मायनं झोपेतच उत्तर दिलं, "ओ."

शेवंतानं वळून पाहिलं. पुन्हा आत पाहिलं तेव्हा पाटावर फक्त ऊन पडलं होतं. तिनं हात लावून पाहिलं, पाटाचं लाकूड दमट होतं.

६

पुढचे तीन आठवडे घरात काही झालं नाही. गाणं नाही, पाट जागच्या जागी. शेवंतानं मायला न्हाऊ घातलं, आवडीचा झुणका केला, आणि रोज सांगितलं, "आता येते पाह्य कागद. तुहं नाव लिवून येते." माय नुसती मान हलवायची. ती दिवसभर झोपून असे, आणि झोपेतून उठली की अंगानं थोडी भरलेली वाटे. शेवंता म्हणे, गोळ्या लागू पडल्या.

कागद आला तो गुरुवारी. पाकिटावर पुन्हा तेच, मिस एल्स्पेथ इनिस. शेवंता तशीच देवीदासभाऊंकडे गेली. त्यांनी उभ्यानंच फोडलं. आधी मनात वाचलं आणि चष्मा काढला.

"मोठ्यानं वाचा, भाऊ."

'प्रिय एल्स्पेथ, दोन पत्रं एकाच दिवशी मिळाली. एक तुझं, एक त्या बाईंचं. दोघींचं म्हणणं एकच, की बहिणी दोन नव्हत्या, मुलगी एकच होती. आता कोणती ठेवायची हा प्रश्न. आर्चीनं आपल्या आईचं नाव लेकीला दिलं, ते मी कोणत्या हातानं खोडू? तुझ्या पत्रात गयाच्या नावावर तू रेघ मारलीस, तीच मी पुस्तकात मारली. तिच्याखालची नावंही अर्थात काढली. पुस्तक आज छापायला गेलं. त्या बाईंना सांग, वाईट वाटून घेऊ नका. मनापासून लिहिलं होतं त्यांनी.'

"दुसरं लिवा," शेवंता म्हणाली.

"वहिनी, पुस्तक छापायला..."

"दुसरं लिवा! तार करा! मी पायी जाईन तिथं!" ती ओरडली, आणि मग काहीतरी आठवल्यासारखी एकदम वळली आणि घराकडे धावत सुटली.

दार सताड उघडं होतं. गयाबाई खाटेवर ताठ बसली होती. पांढरे केस स्वच्छ विंचरलेले, त्यांची एक वेणी खांद्यावरून पुढे घेतलेली. पाय खाटेवरून खाली सोडून ती ते हलवत होती, आणि तोंडात बापाचं गाणं होतं. इतकी सुखी शेवंतानं तिला जन्मात पाहिली नव्हती.

"माय," शेवंता दारातूनच म्हणाली. "लिवलं वं. तुह्या बापाच्या नावाखाली तुहं नाव लिवलं."

"मले ठाव हाये." म्हातारी लाजून हसली. मग तिचे घारे डोळे शेवंतावर खालपासून वरपर्यंत फिरले, परक्या बाईवर फिरतात तसे. "तुमाले कोन पाह्यजे, बाई?"

"माय, मी शेवंता. तुही लेक."

"माही लेक?" ती खुदकन हसली. "माहं तं लगन बी नाही झालं अजून."

शेवंता उंबऱ्यावर मटकन बसली आणि रडली. आवाज करून, पदर तोंडाशी न धरता रडली. म्हातारी कुतूहलानं बघत राहिली. मग खाटेवरून उतरून जवळ आली, शेवंताच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान पोरीनं मोठ्या बाईला विचारावं तसं विचारलं, "उगी वं. कोनाच्या तुमी?"

"गयाबाईची," शेवंता म्हणाली. "गयाबाईची लेक मी."

"कोन गयाबाई?"

शेवंतानं डोळे पुसले. रडून काय होणार होतं? पुस्तकातून खोडलं तर खोडलं, भिंत तर आपली आहे. इथं लिहू, आजच लिहू, रोज लिहू, आणि हिला रोज वाचून दाखवू. ती उठली. शेगडीतला एक विझका कोळसा घेतला आणि खाटेसमोरच्या चुन्याच्या भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीवर, ठळक 'ग' काढला.

मग तिचा हात थांबला. पुढचं अक्षर जिभेवर होतं, आत्ता होतं, आणि पुस्तकातल्यासारखं खोडून गेलं होतं. ती आठवत राहिली. दोनचा भोंगा झाला, लोक घरांकडे यायला लागले. शेजारची कमला डोकावून गेली. शेवंता तशीच भिंतीसमोर उभी होती, कोळसा घट्ट धरून, आणि तो खाली ठेवायला तयार नव्हती.

मागून पांढऱ्या वेणीची ती पोरगी पुन्हापुन्हा विचारत होती, "काय लिवता वं बाई? सांगा ना. कोनाचं नाव लिवता?"